दाजींका व्हये तसले बांगडे

मालवणच्या बाजारात भक्ती बांगडे घ्यायला उभी होती. तिच्यापुढे आंब्याची बाग असलेले दाजी होते आणि समोर माशांची पाटी घेऊन बसलेली रहमतबी.

"रहमतबी, कुसलेले बांगडे आसत काय गो?"

"दाजी, तोंड सांभाळून बोला! माझ्याकडे कुसलेलो मासो? मागे गिरायक ऐकता!"

भक्तीने उगाच पिशवीत डोकं घातलं.

"अगो, खावक नाय, आंब्याच्या कलमांक व्हये. मोहोर भरपूर इलो, पण बागेत माशी दिसणा नाय."

"मगे वारो काय झोपलो?"

"वारो मक्याक पुरता. आंब्याचो पराग चिकट. तो माशीच्या पायांक लागान ह्या फुलावरसून त्या फुलार जाता. माशी नाय तर यंदा आंबो नाय. कुसलेले बांगडे झाडाक टांगले, की वासान माश्यो येतत."

"या अल्ला! आणि मी सकाळपासून माश्योच हाकलतंय!"

"मगे माका कुसलेले खंय मेळतले?"

रहमतबीने आवाज खाली आणला.

"त्या कोपऱ्यातल्या सुगंधाकडे जावा. पण तिच्याकडे कुसलेले मागू नकात, ताजे मागा. म्हणजे बरोबर मेळतले."