चाकाखालचा नारळ

ऐका, जुनी जीप घेतली तवाच मी ठरवलं, पहिली पूजा डोंगरावरच्या देवीपुढंच करायची. पालममधी सगळे म्हणले, "त्या वाटंनं बैलसुदिक चढत न्हाई." म्हणलं, "माझी जीप चढल!"

चढावर गाडी मागं सरकायली. बायको खाली उतरली. मी हातभर पुढं घेतली की ती मागच्या चाकाला दगड लावायची अन् वरडायची, "घ्या पुढं!" असं करत करत वर पोचलोच.

पुजारी म्हणले, "नारळ द्या."

बायको म्हणली, "शेवटच्या वळणाला दगड सापडंना, म्हणून चाकाला नारळच लावला. फुटला."

पुजारी हसले. "मंग देवीनं तिथंच घेतला. झाली पूजा!"

तरी हिनं देवळाजवळच्या दुकानातून दोन नारळ घेतले.

"दोन कशाला?"

"एक देवीला. एक उतरायला."