चहाआधीची सही

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आमच्या गटशिक्षणाधिकारी आदरणीय संघप्रिया बनसोडे मॅडम. व्यासपीठावरचे सर्व केंद्रप्रमुख आणि मान्यवर. माझे शिक्षक बंधू-भगिनी, लांबून आलेले पालक, जुळे सोलापुरातले माझे शेजारी. आणि पहिल्या रांगेत बसून मघापासून मला डोळ्यांनी 'थोडक्यात आटपा' असं सांगणारी माझी पत्नी बसम्मा, सगळ्यांना मी, शिवपुत्र बिराजदार, मनापासून नमस्कार करतो.

सत्काराला उत्तर द्यायला उभा आहे. शिक्षण विभागात विस्तार अधिकारी म्हणून लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देण्यातच माझी पंधरा वर्षं गेली, त्यामुळं हे शेवटचं उत्तर सोपं जायला हवं होतं. जात नाहीये. मी सारखा घड्याळाकडं बघतोय हे तुमच्या लक्षात आलं असेल. जेवणाची घाई नाही मला. आज एकतीस मार्च. आत्ता पाच वाजून सहा मिनिटं झालीत, आणि सव्वासहाला ऑफिस सुटलं की मी निवृत्त, साहेब राहणार नाही. तेवढ्या वेळात एक काम करायचंय, आणि ते भाषणातच करावं लागणार आहे. मॅडम, आधीच माफी मागून ठेवतो.

आत्ता मानपत्र वाचलं गेलं. फार सुंदर लिहिलंय. त्यात एक वाक्य आहे, 'पंधरा वर्षांत एक हजार सहाशे बारा प्रश्न, आणि एकूण एक प्रश्नकर्त्याचे समाधान.' तुम्ही टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली. तुम्हाला वाटलं असेल, काय विनय आहे माणसाचा! विनय कसला? लाज वाटत होती.

नवीन मंडळींसाठी सांगतो. आपल्याकडं दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एकेका शाळेत शंका-समाधान सभा होते. गावकरी चिठ्ठीवर प्रश्न लिहितात, आमच्यापैकी कुणीतरी अधिकारी तो मोठ्यानं वाचतो आणि तिथंच उत्तर देतो. काय काय प्रश्न आले म्हणून सांगू! एका पालकानं विचारलं, गुरुजीच वर्गात मोबाइल बघतात, तर आम्ही पोराला कोणत्या तोंडानं नको म्हणायचं? अक्कलकोटकडच्या एका आजोबांनी कन्नडमध्ये विचारलं. ती माझीही घरची भाषा, मी कन्नडमध्येच उत्तर दिलं, तर म्हणाले, उत्तर कळलं, पटलं नाही. एका आईनं विचारलं, मुलींच्या संडासाला कडी का नाही? त्या प्रश्नाला मी उत्तरच दिलं नाही. मोटारसायकल काढली, कडी आणली, गुरुजींनी स्क्रू पिळले. इतक्या वर्षांतलं माझं सगळ्यात चांगलं उत्तर तेच असावं.

या सभेसाठी एक छापील पत्रक आहे. प्रश्नकर्त्याचं नाव, प्रश्न, उत्तर, आणि शेवटचा रकाना, 'समाधान झाले. सही किंवा अंगठा.' हे पत्रक मी तयार केलं. जिल्ह्यात त्याचं कौतुक झालं, इतर तालुक्यांनी ते उचललं. पंधरा वर्षांत एकाही शहाण्या माणसानं मला विचारलं नाही, की साहेब, समाधान झालं नसेल तर सही कुठं करायची? विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? मलाही माहीत नाही.

मानपत्रात माझं ब्रीदवाक्यही आलंय. 'काम आधी, चहा नंतर.' खरं आहे. कुठल्याही शाळेत गेलो आणि चहा समोर आला, तरी पत्रकं भरून सह्या होईपर्यंत मी कपाला हात लावत नसे. चहावर साय धरायची. लोक म्हणायचे, काय शिस्त आहे! बसम्मा म्हणायची, काय हेकटपणा आहे. आता ती हात हलवून 'साकु, साकु' म्हणतेय. म्हणजे पुरे. अगं, अजून मुद्द्यावर आलोच नाही.

गेल्या वर्षी एप्रिलात मी मोडनिंबच्या अलीकडं हायवेलगतच्या एका वस्तीशाळेत सभेला गेलो होतो. एक शिक्षक, नऊ मुलं. पट कमी म्हणून ती शाळा हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेत मिसळायचं चाललं होतं. त्यासाठी अंतराचा दाखला लागतो, पहिली ते चौथीच्या मुलांना शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. तो दाखला माझ्या सहीचा. मी दुपारीच मोटारसायकलवरून अंतर मोजलं होतं. नऊशे मीटर.

सभेत चिठ्ठी एकच आली. सोजरबाई नावाच्या आजींची, लिहून दिलेली तिथल्या अभिमन्यू गुरुजींनी, पण शब्द आजींचे. 'माझ्या नातीनं हायवे कुटून वलांडायचा?' मी उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात उत्तर दिलं, 'दोन्ही शाळांमधील अंतर नऊशे मीटर असून ते निकषात बसते.' पत्रक पुढं केलं, आजींनी सही केली. समाधान झाले. जूनमध्ये वस्तीवरची शाळा बंद झाली.

मंडळी, बाईंनी विचारलं होतं कुठून. मी सांगितलं किती.

आता जानेवारीत येतो. मी पलीकडच्या त्या मोठ्या शाळेत तपासणीला गेलो. फाटकाशी पायरीवर एक म्हातारी बसलेली. मी विचारलं, 'आजी, कुणाकडं काम आहे?'

म्हणाल्या, 'काम न्हाय. नातीची शाळा सुटायची वाट बगते.'

'आत्ता अकरा वाजलेत. शाळा पाचला सुटते.'

'व्हय की. मग घरी जाऊन परत यायचं म्हंजी दोनदा हायवे आला की. आता गुडघं लई दुकत्यात, साहेब.'

नातीचे आई-बाप चिंचोळी एमआयडीसीत कामाला. पहाटे कंपनीची गाडी येते. म्हणून आजी सकाळी वैष्णवीचा हात धरून रस्ता ओलांडतात आणि दिवसभर त्या पायरीवर बसून राहतात. जूनपासून. रोज. मी म्हटलं, अहो, पण हे तुम्ही सांगितलं का नाही कुणाला? तर हसल्या. 'मला वळखलं न्हाय व्हय? तुमालाच सांगितलं हुतं की.'

तेव्हा मला ती चिठ्ठी आठवली. आणि मला राग आला. हो, त्यांचाच राग आला! मी म्हटलं, 'मग सही कशाला केली? समाधान झालं नव्हतं तर सही करायची नव्हती.'

सोजरबाई म्हणाल्या, 'तुमी उनातनं आलता. गुरुजींनी च्या ठेवला हुता तुमच्याम्होरं. कागद भरल्याबिगार तुमी कपाला हात लावीना. किती येळ उपाशी ठेवायचं पावन्याला? म्हनून केली सही.'

मंडळी, मी पाणी पितो जरा.

त्या दिवशी मी वैष्णवीबरोबर चालत तिच्या घरी गेलो, वस्तीपर्यंत. माझे नऊशे मीटर कुठून आले होते माहीत आहे? दुभाजकाला एक फट आहे. मोटारसायकलवाले तिच्यातून गाडी घालतात, तुम्ही घालता, मीही घातली होती. समोरून ट्रक येतात ते वेगळंच. लेकरानं जायचा खरा रस्ता पुलाखालून आहे. तो आम्ही चाललो. एक किलोमीटर सातशे मीटर, चौतीस मिनिटं. वैष्णवी तिसरीत आहे. वाटेत तिनं मला विचारलं, 'तुमी शाळेचे साहेब हाय ना? मग आमची शाळा कुटं गेली?' तो प्रश्न कुठल्याही पत्रकात नाही. आणि त्या नऊ मुलांतल्या दोन मुली आता शाळेतच जात नाहीत, हेही त्याच दिवशी कळलं.

मग मी काय केलं? तुम्हाला वाटेल, लगेच अहवाल पाठवला. अहवाल लिहिला, आणि कपाटात ठेवला. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. निवृत्तीच्या तोंडावर स्वतःच्याच दाखल्याविरुद्ध लिहायचं म्हणजे चौकशी मागं लावून घ्यायची. मनाला म्हणायचो, नवीन माणूस येईल, तो बघेल. पण नवीन माणूस काय बघणार? कागदावर अंतर नऊशे, खाली बाईंची सही, समाधान झाले. त्या कागदाला खोटं म्हणू शकेल असा माणूस एकच आहे, आणि त्याची खुर्ची आता पन्नास मिनिटांत जाणार. रोज सकाळी दाढी करताना ती पायरी दिसायची. आज सकाळी कपाट उघडलं.

मल्लिनाथ, ती पिशवी आण रे. हे आमचे मल्लिनाथ, आवक-जावक बघतात, तीस वर्षांत ऑफिसचा शिक्का कधी बाहेर काढला नाही त्यांनी. आज माझ्यासाठी काढला. मॅडम, हा माझा दुरुस्त दाखला. यात लिहिलंय की माझं मोजमाप चुकीचं होतं, अंतर निकषात बसत नाही, आणि वस्तीवरची शाळा पुन्हा सुरू करावी. सोबत चुकीची कबुली आहे, माझ्या सहीची.

मॅडम म्हणतायत, बिराजदार, हे इथं नको, उद्या ऑफिसात बोलू. मॅडम, उद्या मी कोण? उद्या हाच कागद म्हणजे एका पेन्शनराची तक्रार. आज तो अधिकाऱ्याचा दाखला आहे. निर्णय वरचे घेतील, ते तुमच्या हातात नाही हे मला माहीत आहे. मी फक्त पोच मागतोय.

...

मॅडमनी चष्मा लावलाय. वाचू द्या त्यांना. टाळ्या नकोत, कृपा करून. मुलाखतीला बसलो होतो तेव्हासुद्धा एवढा घाम फुटला नव्हता.

मॅडमनी शिक्का मारला. तारीख, वेळ, पाच वाजून एकतीस मिनिटं. आणि खाली लिहिलंय, 'मी स्वतः सोमवारी चालत जाऊन बघते.' मॅडम, पुलाखालून जा. फटीतून नको.

सोजरबाई पाचव्या रांगेत बसल्यात, वैष्णवीला घेऊन. अभिमन्यू गुरुजींनी त्यांना आणलं, कशासाठी ते न सांगता. आजी, उठू नका, गुडघे दुखतात तुमचे. मी येतो खाली. हे तुमचं मागचं पत्रक. यातलं 'समाधान झाले' मी पेनानं खोडलंय, आणि तुमच्या प्रश्नापुढं लिहिलंय, उत्तर दिलेले नाही. मानपत्रातला आकडाही एकनं कमी करून घ्या. खरं म्हणजे एकनंच का, हे मला आता सांगता येत नाही. बाकीच्यांपैकी कितीजणांनी माझा चहा गार होतोय म्हणून सह्या केल्या असतील, कुणास ठाऊक.

आता आवरतो. हा समारंभ ठरवणाऱ्या शिक्षक मित्रांचे, हॉल देणाऱ्या शेजाऱ्यांचे, मॅडमचे आणि या हेकट माणसाला सांभाळणाऱ्या बसम्माचे मी आभार मानतो. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर आपण सगळे मोठ्या मनाचे आहात, पोटात घालाल. पण आजी, तुमच्याकडं मी तशी वरवरची माफी मागत नाही. माझं चुकलं. दहा महिने तुम्ही पायरीवर बसलात, ते माझ्यामुळं.

चहा आलेला दिसतोय. गुरुजी, एक कप आजींना द्या, एक मला. नाही, कागद राहू दे बाजूला. आज मी चहा आधी घेतो. सही, शाळा उघडली आणि तुमच्या मनात आलं, तर करा.

नमस्कार.