घरमालकांची किल्ली

कात्रजला मी एकटी भाड्याने राहायचे तेव्हाचं सांगते. एका रविवारी न्हाऊन बाहेर आले, तर घरमालक काका स्वयंपाकघरात नळ तपासत उभे. आपल्या किल्लीने आत आलेले.

“काका, न विचारता आलात?”

“स्वतःच्या घरात यायला कोणाला विचारू?”

दुपारीच मी कुलूप बदललं आणि त्यांना जाऊन सांगितलं, “घर नीट ठेवणं माझं काम. तपासायला जरूर या, पण आदल्या दिवशी कळवून.”

“मग घर सोडा.”

“करार संपेपर्यंत सोडणार नाही.”

पुढच्या शनिवारी त्यांचा फोन आला. “नळ बघायला उद्या येऊ?”

“उद्या मी घरी नाही. सोमवारी या.”

काकांनी विचारलं, “किती वाजता?”