शोकेसमधला रोबो

जपानमधल्या इचिकावा शहराच्या बसमध्ये मागच्या सीटवरून मराठी कानावर पडलं, तशी चारुताने गाणी बंद केली. एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांचा चाळिशीतला मुलगा बोलत होते.

"हा तू बनवलास? अरे, थेट आपल्या शोकेसमधला रोबो!"

"साचा मीच केला, बाबा. रंग जुन्या खेळण्यांसारखा. आज प्रदर्शनात मांडायचाय. हातपायही हलतात याचे."

"आपल्या रोबोचे हलायचे?"

"मला कुठे ठाऊक? तुम्ही शोकेसला कुलूप लावलं होतंत."

"काकाने परदेशातून आणलेला. तू मोडला असतास, तर दुसरा कुठून आणायचा?"

"मी काचेला नाक लावून बसायचो."

"माहीत आहे. तुझी आई रोज ती काच पुसायची."

"बाबा, अहो, पाकीट फोडू नका! अशी खेळणी कुणी उघडत नाही. लोक जपून ठेवतात."

"आम्ही तेच केलं ना."

पुठ्ठ्यावरचं प्लास्टिक टर्रकन फाटलं. पुढचे दोन जपानी प्रवासी वळून बघायला लागले.

"बाबा, बसमध्ये? मी बेचाळीस वर्षांचा आहे."

"असशील. घे, खेळ. मोडला तर मोडला."