तीन वर्षांची जागा

रंगराव : अकरा किलो भरतोय. काट्यावर घालूनच आणलाय. विमानात एका माणसामागं तेवीस किलो चालतंय म्हणालीस ना? मग झालं की.

तेजल : आप्पा, त्या तेवीस किलोत आईचे स्वेटर यायचेत, औषधं यायचीत. त्यात हा दगड कुठं कोंबू?

रंगराव : दगड न्हाई, ग्रॅनाइट हाय. चाकणात दोन दिवस समोर बसून घडवून घेतलाय. 'रविराज रंगराव', खाली गावाचं नाव, महाळुंगे. तिथं त्याच्या डोक्याशी नुसता नंबर लावलाय म्हणं. कंपनीच्या कार्डावर जल्मभर नंबर होता तेवढा पुरे झाला. आता माणसाचं नाव असूदे.

अंबूबाई : भांडू नका. माझी दोन लुगडी कमी करते. मला तिथं कुणाला नेसून दाखवायचीत?

तेजल : आई, जुलैत ब्राझीलच्या त्या टोकाला कडाक्याची थंडी असते. आपल्याकडचं सगळं उलटं.

अंबूबाई : मला नको सांगू. रविराजनंच सांगितलेलं. जानेवारीत गेला आन् दुसऱ्या दिवशी फोन, आई, हितं घामानं शर्ट पिळून निघतोय. दोन महिन्यांत मशीन बसवून येतो म्हणाला.

रंगराव : प्रेस मशीन. पीक कापायची यंत्रं बनवणारा कारखाना होता तो. आपल्या कंपनीतनं एकट्यालाच धाडलेलं. तिशीही न्हाई भरली, तरी एकट्याला.

अंबूबाई : तुमी थांबा जरा. तेजल, मी सांगते तसं लिहून घे. पयल्यांदा डोंगरातलं गाव. तिथं द्राक्षाचे मळे हायत, घरं लाकडाची, सकाळी धुकं. पंधरा दिवस तिथं होता. मग बसनं खाली उतरायचं. खाली नुसतं गवत. झाड न्हाई, बांध न्हाई, नजर जाईल तिथवर गवत आन् गुरं. घोड्यावरची माणसं गुरं राखत्यात. मग मोठं तळं लागतंय. तळं म्हणायचं, पण पलीकडचा काठ दिसत न्हाई. आन् शेवटी समुद्र. सकाळी गाडी वाळूत घातली तर संध्याकाळपर्यंत वाळूच. अशा वळणानं न्यायचं मला. तो जसा गेला तसं.

तेजल : तसंच लावत होते. विमानानं पोर्तो अलेग्रे, तिथून वर डोंगरात दोन दिवस, मग बसनं दक्षिणेला.

अंबूबाई : लावत होते? आता न्हाई लावत?

तेजल : लावतेय गं. व्हिसाचा फॉर्म राहिलाय, म्हणून म्हटलं.

रंगराव : आन् ती पिवळ्या तापाची सुई. ती टोचल्याबिगर माघारी येऊ देत न्हाईत म्हणं.

अंबूबाई : टोचून घेऊ की. काय मोठं. ते हिरवं कडू पाणी पित्यात ना तिथं, भोपळ्यातनं? तेबी मी पिणार हाय.

तेजल : आई, नको ते.

अंबूबाई : का नको? एकाच नळीनं समदी पित्यात. एकानं प्यायचं, दुसऱ्याला द्यायचं. रविराजला म्हणलेलं मी, आरं करोना हाय, दुसऱ्याचं उष्टं पिऊ नको. तर म्हणाला, आई, न्हाई म्हणलं की माणसं हिरमुसत्यात. कुणाला न्हाई म्हणता आलं न्हाई त्याला कधी.

तेजल : आई, एक काम करशील? सुमनताईंकडं मोठी बॅग आहे बघ, त्यांचा मुलगा दुबईहून आला तेव्हाची. तेवढी मागून आण. माझ्या बॅगेची चेन गेलीय.

अंबूबाई : आत्ता? दुपारची निजली असंल ती.

तेजल : नाही निजलेल्या. आत्ताच टेरेसवर पापड पालथे घालताना दिसल्या.

अंबूबाई : आणते. चहा ठेव तवर.

तेजल : …आप्पा, दार लोटा. आणि तो दगड खाली ठेवा, मांडीवर कशाला घेऊन बसलाय.

रंगराव : काय झालं?

तेजल : ब्राझीलवरून तुमच्या नावावर टपाल आलं होतं? दोन वर्षांपूर्वी.

रंगराव : टपाल का, येत असतंय काय बाय.

तेजल : आप्पा.

रंगराव : आलेलं. तीन पाकिटं.

तेजल : कुठं आहेत?

रंगराव : भाडेकरूंच्या फायलीत. ॲग्रीमेंटच्या खाली.

तेजल : उघडली होतीत?

रंगराव : पयलं उघडलं. कळंल अशी भाषा न्हाई. वर तीनचा आकडा, खाली शिक्का. मला म्हाईतच होतं ते. तीन वर्षांची जागा. रवी गेला तवा साहेबानं फोनवर सांगितलं, विमानं बंद हायत, बॉडी आणता येत न्हाई, जाळायची सोय लांबच्या शहरात आन् तिथं रांग. नगरपालिकेची जागा हाय, तीन वर्षांसाठी मिळती, हो का न्हाई सांगा. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

तेजल : आणि तीन वर्षांनंतर काय, ते विचारलं नाहीत?

रंगराव : त्यात काय विचारायचं? आपल्या खोल्यांचं अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट असतंय. मुदत सरली की नवा कागद करायचा. वरच्या खोलीतल्या लातूरच्या पोरांचा कागद सरून दोन वर्षं झाली, राहत्यातच की. कागद सरला म्हणून मी कधी कुणाचं सामान बाहेर ठेवलंय का? मला वाटलं, जवा जाऊ तवा तिथं सही करू, मागचं समदं भरून टाकू.

तेजल : तिथं बाहेर काढतात, आप्पा.

रंगराव : काय बाहेर काढत्यात?

तेजल : तीन वर्षांत घरचं कुणी आलं नाही, कळवलं नाही, तर जागा दुसऱ्याला देतात. आतलं जे उरलं असेल ते काढून एका मोठ्या कोठीत ठेवतात. दादाची जागा चोवीसच्या ऑगस्टमध्ये रिकामी केली.

रंगराव : कोण म्हणलं?

तेजल : तिथल्या दफनभूमीच्या ऑफिसचंच मेल आलं, गुरुवारी. मी फक्त विचारलं होतं की गेटपासून त्याच्यापर्यंत किती चालावं लागेल. आईचे गुडघे, म्हणून. व्हीलचेअर मिळते का, एवढंच विचारलं होतं मी.

रंगराव : कोठीत ठेवत्यात म्हंजे त्याच्या पिशवीवर नाव असंल की. नंबर तरी असंल.

तेजल : नाही. सगळ्यांचं एकत्र असतं. वेगळं करून देता येणार नाही म्हणून लिहिलंय. फार सभ्य भाषेत लिहिलंय. ऑफिसच्या वहीत नाव आहे, तेवढंच. उरलेली दोन पत्रं का नाही उघडलीत? मला द्यायची होतीत. तळवड्याच्या कंपनीत बसून दिवसभर मी दुसरं काय करते? परदेशातल्या लोकांची मेलंच वाचते ना?

रंगराव : पाकिटावर त्याचं नाव होतं. पोस्टमननं हातात दिलं आन् मला वाटलं, परत कोणतरी सांगतंय तो गेला म्हणून. एकदा ऐकलेलं. कंपनीच्या गेटवर, उभ्या उभ्या, कानाला फोन, हातात डबा होता. दुसऱ्यांदा ऐकायची छाती झाली न्हाई माझी. आन् तुला कुठनं देऊ? तुझी नोकरी नवी होती. तू तवा कुठं घरात हसायला लागली होतीस.

तेजल : मग आता आईला कोण सांगणार?

रंगराव : न्हाई सांगायचं. ऐक माझं. तिला घेऊन जाऊ. तिथं कुठंतरी कोपऱ्यात हा दगड ठेवू, म्हणू ही बघ जागा. तिला काय कळतंय तिथलं? रडंल, हात लावंल, माघारी येईल. मोकळी होईल बिचारी.

तेजल : दुसऱ्याच कुणाच्या तरी जागेवर रडायला लावणार तिला?

रंगराव : मग काय करू मी? सांग ना तू.

तेजल : देहूला गुरुजी म्हणाले होते, देह नाही तर दर्भाचा पुतळा करू आणि त्याला अग्नी देऊ. आईनं घाटावरून सगळ्यांना माघारी आणलं. आठवतंय? माझं पोर तिथं जमिनीत नीट निजलंय, बाहुलीला त्याचं नाव देऊन जाळू नका म्हणाली. दहावं नाही, वर्षश्राद्ध नाही. भावकीनं नावं ठेवली, तरी हलली नाही. पाच वर्षं ती त्या एका जागेच्या जोरावर उभी आहे, आप्पा. आणि तीच खोटी दाखवायची?

रंगराव : तू सांग मग तिला.

तेजल : मी नाही सांगणार. पत्रं तुम्ही ठेवलीत.

रंगराव : मी सांगितलं तर माझं तोंड बघणार न्हाई ती.

तेजल : नाही बघितलं तर नाही. पण खोटं नको.

अंबूबाई : ही बघा, चाकांची हाय. सुमनताई म्हणती, परत द्यायची घाई न्हाई. … चहा न्हाई ठेवला? आन् दार का लावलेलं?

रंगराव : बस जरा.

अंबूबाई : बसते. काय झालं? व्हिसा देत न्हाईत का?

रंगराव : ते न्हाई. अगं, रवीची जागा गेली.

अंबूबाई : कुठं गेली?

रंगराव : मुदत होती तिची. तीन वर्षांची. ती सरली. त्यांनी कळवलेलं, तीन डाव कळवलेलं. मी कागद वाचून घेतला न्हाई, फायलीत घालून ठेवला. त्यांनी त्याला काढलं तिथनं. आता एका कोठीत हाय, दुसऱ्यांच्यात मिसळून. वेगळा करून मिळायचा न्हाई.

अंबूबाई : कधी?

तेजल : दोन वर्षं होतील आई, येत्या ऑगस्टला.

अंबूबाई : म्हंजे त्याच्या गेल्या वाढदिवसाला मी गच्चीवर मावळतीकडं तोंड करून शिऱ्याची वाटी ठेवली, तवा त्या जागेत दुसरंच कोणतरी होतं.

तेजल : हो.

अंबूबाई : सातबाऱ्यावर एक काना चुकला, तर तुमी तलाठ्याकडं चार चकरा मारल्या होत्या. जेवला नव्हता त्या दिवशी. आन् पोराचा कागद फायलीत?

रंगराव : व्हय.

अंबूबाई : कुणाकडनं वाचून घ्यावा, एवढं वाटलं न्हाई?

रंगराव : भ्यालो. त्यात काय लिहिलं असंल त्याला भ्यालो. पोरगं एकदा गेलं ते करोनानं. दुसऱ्यांदा माझ्यामुळं गेलं. ह्यापुढं तू मला काय बोलायचं ते बोल.

अंबूबाई : बोलून तो वेगळा होणार हाय का त्यातनं?

तेजल : आई, पाणी देऊ?

अंबूबाई : नको. कोठी म्हंजे कसली असती गं? अंधार असतो का?

तेजल : मेलमध्ये फोटो आहे. पांढरी भिंत आहे, चुन्याची. बाहेर एक बाक आहे. मागं गवताचं रान दिसतं. वारा असणार, गवत एका बाजूला वाकलंय.

अंबूबाई : दाखव. … किती जण हायत आत?

तेजल : त्या खेपेला दोनशेच्या वर होते, असं लिहिलंय.

अंबूबाई : समदी त्याच साली गेलेली?

तेजल : बहुतेक. त्या दोन-तीन महिन्यांतलीच.

अंबूबाई : आन् त्यांच्याबी घरी पत्रं गेली असणार.

तेजल : नियमच आहे तसा. सगळ्यांना जातात.

अंबूबाई : म्हंजे ह्यांच्यासारखी दोनशे माणसं हायत. पाकीट हातात घेऊन बसलेली. तुमी डोळं पुसा. पोरीसमोर बरं दिसत न्हाई.

तेजल : आई, तिकिटं रद्द करता येतात. तुला जायचं नसेल तर मी उद्याच करते.

अंबूबाई : जुलैची रद्द कर. सर्वपित्री अमावास्या कधी हाय औंदा?

तेजल : अधिक महिना आहे ना, म्हणून लांबलीय. ऑक्टोबरमध्ये येते.

अंबूबाई : मग त्या दिवसाला तिथं पोचू असं बघ. डोंगर नको, समुद्र नको, कायबी फिरायचं न्हाई मला. सरळ त्या भिंतीपाशी ने.

रंगराव : सर्वपित्रीला? तू श्राद्ध घालायचं म्हणतीस त्याचं?

अंबूबाई : व्हय.

रंगराव : पाच वर्षं मी श्राद्धाचं नाव काढलं, की ताटावरनं उठायचीस.

अंबूबाई : तवा तो एका जागी होता. मला वाटायचं, निजलाय, कशाला उठवा. आता उठवलाच लोकांनी. आता उपाशी कसा ठेवू? ज्याची तिथी म्हाईत न्हाई, जो कुठं पडला ते म्हाईत न्हाई, त्याला त्या दिवशी जेवू घालतोच की आपण.

तेजल : पण आई, तिथं एकटा दादा नाही. दोनशे जण आहेत, वेगळ्या धर्माचे. आणि एवढ्यांचा स्वयंपाक परक्या गावात कसा करणार?

अंबूबाई : एकाचाच करायचा. त्यानं कधी एकट्यानं डबा खाल्लाय का?