अठ्ठ्याऐंशी पॉइंट तीन

एर्विन: भिंतीचा कल मोजायला एवढंसं यंत्र आणलंस? आमच्या वेळी काचेच्या नळीत बुडबुडा असायचा. बिचारा कधी खोटं बोलला नाही.

सबिना: हळू, बाबा. फ्रांचिक आत्ताच झोपलाय. आणि एवढंसं नाहीये, चांगलं साठ सेंटिमीटरचं आहे. तीसवालं स्वस्त होतं, पण दुकानदार म्हणाला, भिंतीसाठी नको. गिलाव्याच्या दर फुगवट्यावर ते वेगळा आकडा दाखवतं.

एर्विन: विकणारा मोठंच चांगलं म्हणणार.

सबिना: त्यानं आधी विचारलं, राहता कुठं. मी गल्ली सांगितली, तर दुकानातल्या दगडी ओट्यावर ठेवून, फिरवून परत ठेवून, तिथंच शून्य लावून दिलं. म्हणाला, तुमच्या गल्लीत सपाट जागा मिळायची नाही, ताई.

एर्विन: शहाणाच दिसतोय. ठेव की खाली, ह्या जमिनीवर ठेव. काय म्हणतंय?

सबिना: शून्य पॉइंट एक.

एर्विन: बघ! साठीला गवंडीकाम शिकलेला माणूस आहे मी, सूनबाई. गोटी ठेव, घरंगळायची नाही. गुरुवारी खाणीची समिती आली, त्यांनीही हेच मोजलं नि गेले गुपचूप.

सबिना: कारण मी ह्याच्या लसीला गेले होते आणि तुम्ही त्यांना फक्त जमीनच मोजू दिलीत. ही जमीन तुम्ही तीनदा ओतलीय. घर जेवढं कललं तेवढं सिमेंट. खिडकीपाशी बारा सेंटिमीटरचा थर झालाय, बाबा. खिडकी माझ्या गुडघ्याशी आलीय.

एर्विन: मग सूप ताटलीतून सांडू द्यायचं? इथं सगळेच ओततात.

सबिना: सरका जरा. भिंतीला लावते. इथं, फ्रांचिकच्या खाटेच्या वर.

एर्विन: किती?

सबिना: अठ्ठ्याऐंशी पॉइंट तीन. नव्वद हवेत.

एर्विन: दीड-दोन अंशांचं काय घेऊन बसलीस! माझी मान त्याहून वाकडी आहे.

सबिना: एक पॉइंट सात अंश, म्हणजे मीटरमागं तीस मिलिमीटर. कौलांपर्यंत भिंत सात मीटर. वरचं टोक वीतभर आत आलंय. ह्याच्या डोक्यावर.

एर्विन: यंत्रच वाकडं असेल. उलटं कर. खालचं टोक वर.

सबिना: केलं. अठ्ठ्याऐंशी पॉइंट तीन.

एर्विन: आण इकडं, तुला धरता येत नाही. असं लावायचं, छातीचा जोर देऊन. हां! वाच आता. शून्य. सरळ उभी आहे माझी भिंत.

सबिना: बाबा.

एर्विन: काय बाबा? वाच की.

सबिना: तुम्ही मधलं बटण दाबलंत. ते दाबलं, की यंत्र जसं धरलंय तेच सरळ मानतं. दुकानात मला तीनदा सांगितलं, हे चुकून दाबू नका.

एर्विन: चुकूनच लागलं.

सबिना: चुकून?

(खालून, जमिनीच्या पोटातून, दबका आवाज येतो. कपाटातल्या बशा किणकिणतात आणि थांबतात.)

एर्विन: खाली खाणीत छत बसलं. कोळसा काढून पुढं सरकलं, की मागचं छत बसू देतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

सबिना: रोमान खाली आहे.

एर्विन: आहे. त्याचा बापही अठ्ठावीस वर्षं खालीच होता.

सबिना: काल जेवताना म्हणाला, आम्ही आता आपल्या घराखाली पोचलो. हसत म्हणाला.

एर्विन: मग मी काय करू, सांग! मीटरमागं पंचवीस मिलिमीटरच्या वर आकडा गेला, की घर रिकामं करायला लावतात नि पाडतात. त्या उंच इमारतीत आठव्या मजल्यावर दोन खोल्या देतील. माझी कबुतरं कुठं जातील? ती इथंच परत येणार आणि छप्पर शोधत गोल गोल फिरत बसणार.

सबिना: शेजारच्या एडेल्ट्राउडबाईंच्या भिंतीला सव्वीसच होतं. ती पडली तेव्हा त्या पडदा लावत होत्या.

एर्विन: त्यांची भिंत जुनी होती.

सबिना: तुम्हीच काढलंत त्यांना ढिगाऱ्यातून. घरी येऊन तासभर हात धूत होतात. तेव्हा मी काही विचारलं नाही. आज विचारते. त्यांच्या जागी ही खाट असती तर?

एर्विन: असलं तोंडातून काढू नकोस.

सबिना: समितीला पुन्हा मोजायला बोलवायचं तर घरमालकाची सही लागते, आणि घर तुमच्या नावावर आहे. करा, नाहीतर नका करू. मी ह्याला घेऊन माहेरी जाते. रोमान वर आला, की तुम्हीच सांगा त्याला.

एर्विन: ते बटण… खरा आकडा परत यायला कुठलं दाबायचं?

सबिना: तेच. पुन्हा एकदा.

एर्विन: सबिना.

सबिना: काय?

एर्विन: दोन आहे. अठ्ठ्याऐंशी पॉइंट दोन.

सबिना: तुम्ही नीट टेकवलं नसेल. जरा बाजूला लावा.

एर्विन: लावलं. दोनच.

सबिना: आत्ता तर तीन होतं.

एर्विन: होतं. समितीचा तो कागद कुठं ठेवलायस? नको, राहू दे, सही अंगणात करतो. आधी पोराला उचल.

सबिना: उठेल तो.

एर्विन: उठू दे, रडू दे. उशी नको घेऊस, काही नको घेऊस. तू पुढं हो, मी दार धरतो. ते आपोआप मिटतं, गेल्या नाताळापासून.