ईश्वरप्पांनी वायर लावली होती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख आदरणीय वैजनाथरावजी, व्यासपीठावर उपस्थित हृदयविभागाच्या डॉ. वर्षाराणी मॅडम, सत्कारमूर्ती ईश्वरप्पा निटुरे, पहिल्या रांगेतल्या महानंदावहिनी, रेणापूरहून वेळात वेळ काढून आलेली मंडळी आणि माझ्या सहकारी बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना शरणु शरणार्थ.

मी राजशेखर, संगणक विभागाचा. संयोजकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत, त्याबद्दल त्यांचा आभारी आहे. आधीच्या वक्त्यांनी अप्पांच्या बत्तीस वर्षांच्या सेवेचं कौतुक केलं, जुन्या फायलींना त्यांनी लावलेल्या शिस्तीचं कौतुक केलं. सगळं खरं आहे. पण एक प्रश्न कुणी विचारला नाही. ईसीजी काढण्यात ज्यांचा हात धरणारा आपल्याकडे कुणी नव्हता, ते अप्पा निवृत्तीआधीची शेवटची तीन वर्षं इथे लातूरच्या रुग्णालयाच्या तळघरात फायली का लावत बसले?

विचारला नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत आहे असं आपण समजतो. ते उत्तर चुकीचं आहे, आणि ते माझ्यामुळे तसं झालं.

तीन वर्षांपूर्वी रेणापूरच्या आपल्या शाखेतले जुने संगणक मी काढले. त्यांच्या जागी टेबलावर छोट्या डब्या आल्या, थिन क्लायंट म्हणतात त्यांना. त्या डबीत स्वतःचं काहीच नसतं. पडदा रेणापुरात, खरा संगणक लातूरच्या सर्व्हरवर. ईसीजीच्या मशीनची यूएसबी वायर अप्पांनी डबीला लावायची, आणि ती लातूरच्या संगणकापर्यंत पोहोचू द्यायची की नाही, हे मी ठरवायचं. त्याची परवानगी सर्व्हरवर माझ्या हातात. याच मंचावरून मी त्या यंत्रणेची स्तुती केली होती, टाळ्याही घेतल्या होत्या.

एका शुक्रवारी कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस आला. मी घाईत कीबोर्ड आणि माउस सोडून सगळ्या यूएसबीची परवानगी बंद केली. ईसीजीची मशीन माझ्या ध्यानातच राहिली नाही.

सोमवारी सकाळी साखराबाई आपल्या मालकांना, ग्यानोबांना, घेऊन शाखेत आल्या. ग्यानोबांची पिठाची गिरणी होती. पोतं उचलताना छातीत कळ आली होती. अप्पांनी त्यांना झोपवलं, तारा लावल्या, वायर डबीला लावली. पडद्यावर काहीच येईना. त्यांनी मला फोन केला. मी बैठकीत होतो. "वायर काढून परत लावा," एवढं सांगितलं. त्यांनी परत लावली, परत फोन केला. मी तेच सांगितलं. तिसऱ्यांदा मी फोन उचलला नाही.

आपला नियम असा होता की ईसीजी लातूरच्या डॉक्टरांनी बघितल्याशिवाय शाखेची गाडी हलवायची नाही. ग्यानोबांना घाम फुटलेला पाहून अप्पांनी नियम बाजूला ठेवला, त्यांना गाडीत घातलं आणि स्वतः सोबत बसून लातूरला आणलं. माणूस वाचला. पण माझ्या फोनापायी पाऊण तास गेला होता. अर्धा तास आधी आले असते तर हृदयाला इतकी इजा झाली नसती, असं वर्षाराणी मॅडम तेव्हाच म्हणाल्या होत्या. ग्यानोबा आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. गिरणी त्यांनी विकली. पोतं त्यांना आता उचलवत नाही.

दुपारी मला माझी चूक कळली. मी कुणाला न सांगता मशीनची परवानगी सुरू केली. मनाशी म्हटलं, दुरुस्ती झाली, विषय संपला. दुसऱ्या दिवशी चौकशीला मंडळी रेणापूरला गेली, वायर लावली आणि मशीन पहिल्या झटक्यात चालली. ती चालली म्हणून अप्पा खोटे ठरले.

अध्यक्षांनी मला विचारलं, "राजशेखर, काल मशीन जोडली होती का?"

मी म्हणालो, "सर्व्हरवर तशी नोंद नाही."

शब्दाला शब्द खरं होतं. परवानगीच बंद, तर नोंद कुठून होणार? पण ऐकणाऱ्यांनी त्याचा जो अर्थ घेतला, तो मी घेऊ दिला. अप्पा एवढंच बोलले, "साहेब, मी वायर लावली होती. दोनदा लावली." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या कागदाकडे बघत राहिलो.

निष्काळजीपणा आणि नियमभंग, असा दुहेरी ठपका ठेवून त्यांना तळघरात पाठवलं. त्याच वर्षी मला बढती मिळाली. तळघराच्या जिन्यावर ते भेटले की "बरं हाय का साहेब?" म्हणायचे. मी नंतर नंतर लिफ्टने जाऊ लागलो.

निमंत्रणपत्रिकेत वक्ता म्हणून माझं नाव छापलेलं पाहिलं आणि मला राहवेना. गेल्या रविवारी मी अप्पांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा ठेवला. मी सगळं सांगितलं. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला सांगून काय करता? कुणी हात न लावता मशीन दुसऱ्या दिवशी चालली, मला तवाच कळलं होतं. ज्यांला म्हाईत न्हाई, त्यांला सांगा."

म्हणून आज सांगतो आहे. त्या दिवसाच्या बदलाची नोंद सर्व्हरवर माझ्या नावानिशी, वेळेनिशी आहे. तिची प्रत आणि माझं लेखी निवेदन मी आज सकाळी अध्यक्षांना दिलं आहे. अप्पांवरचा ठपका रद्द व्हावा आणि माझ्यावर जी कारवाई ठरेल ती व्हावी, अशी त्यात विनंती आहे. ग्यानोबा, साखराबाई, तुम्हाला मी घरी येऊन भेटायला हवं होतं. तेही केलं नाही.

अध्यक्षमहोदय, सत्काराच्या मंचावर हे बोलू दिलंत, आपले आभार. पाचाची दहा मिनिटं झाली, बोलताना अडखळलो, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, ते सर्वांनी पोटात घालावं. तीन वर्षांपूर्वीची ती चूक मात्र पोटात घालू नका. बाहेर गेल्यावर जो भेटेल त्याला सांगा, ईश्वरप्पांनी वायर लावली होती.